लाल दोऱ्याची वही

ये, जवळ सरक. घोंगडं नीट ओढून घे आणि दाराकडे पाठ करून बस, म्हणजे वारा तुझ्या पाठीवर बसेल, विस्तवावर नाही. गोवऱ्या थोड्याच आहेत, पण दोघांना पुरतील. उद्या पहाटेच्या गाडीने तू सरहद्दीकडे निघणार, असं तुझी मावशी म्हणाली. म्हणून मुद्दाम बोलावलं. एक गोष्ट सांगायची आहे. गोड नाही. तिच्यात माझी चूक आहे, आणि ज्यांची चूक माझ्याहून मोठी आहे ते आजही पोटभर जेवून गाढ झोपतात. मधे बोलू नकोस. देवळात प्रवचनाला बसतोस तसा बस.

तुझी बुकाना घेतलीस ना बरोबर? दवाखान्याची वही रे. सांभाळ तिला. आपल्या दवाखान्यात माणूस हरवला तर चालतो, वही हरवलेली चालत नाही.

ते समोरचं घर बघ, पत्र्यावर दगड ठेवलेलं. तिथे तेफो राहायचा. एकोणीस वर्षं पलीकडच्या देशात सोन्याच्या खाणीत होता. नाताळाला यायचा तेव्हा गाडीच्या टपावरून त्याचंच सामान सगळ्यात शेवटी उतरायचं, इतकं असायचं. माझ्या नवऱ्याच्या मातीला बैल दिला तो तेफोने. मग एका शुक्रवारी खाणीच्या फाटकावर कागद लागला, आणि सोमवारी तेफो एक ट्रंक, रबरी बूट आणि एक पहार घेऊन घरी आला. ती पहार खाणीत छत ठोकून बघायची. आत शिरलं की आधी वरचा खडक ठोकायचा, असं तो सांगायचा. टण वाजला तर खडक शाबूत. बद्द वाजला तर हातातलं टाकून पळायचं.

पहिलं वर्ष तो भरतीच्या ऑफिसात खेटे घालत राहिला. दाढी करून, बुटांना तेल लावून जायचा. तिथले लोक पोरसवदा. चाळिशीच्या पुढच्याला रांगेतूनच बाहेर काढायचे, बैलाचे दात बघतात तसं तोंडाकडे बघून. दुसऱ्या वर्षी तो जायचा थांबला. त्याची बायको मालिनेओ शाळेच्या कुंपणाशी तळलेले पिठाचे गोळे विकायची. त्यावर घर चालायचं. तेफो भिंतीला टेकून बसायचा. तळहातांवरचे घट्टे मऊ पडून सुटायला लागले होते. तो ते नखाने सोलायचा आणि साली गुडघ्यावर ओळीने मांडून ठेवायचा. मी वाटी द्यायला गेले की माझ्याकडे न बघता, आईला हाक मारावी तसं म्हणायचा, "म्मे मातुमेलो, हे बघा, गेलं सगळं."

मग एके दिवशी त्याने पहार उचलली आणि घराच्या भिंती ठोकायला लागला.

"काय करताय?" मालिनेओने विचारलं.

"पोकळ आहे. आत लेकरू झोपतं आणि वर सगळं पोकळ आहे."

आधी आपल्या भिंती, मग शेजारच्या, मग शाळेच्या. लोक आधी हसले, वडीलधाऱ्याची हाक मारून. "न्ताते तेफो, माझं घर पडतंय का बघा हो!" तो खरोखर कान लावून बघायचा आणि म्हणायचा, "पडतंय. बायको-पोरांना बाहेर काढ." आठ दिवसांत हसू संपलं. भिंत ठोकणं म्हणजे करणी, असं कोणीतरी म्हणालं आणि त्याला बघून दारं लागू लागली. तो जेवेना. झोपेना. गालांची हाडं वर आली.

मालिनेओने त्याला दवाखान्यात नेलं. डोंगर उतरून चार तास. जाताना तो वाटेतला प्रत्येक खडक ठोकत गेला, म्हणून सहा. तिथे जिल्ह्याचा डॉक्टर आलेला होता, नशीब. त्याने बुकानात मनाचा आजार म्हणून लिहिलं, खाली शिक्का मारला, गोळ्या दिल्या. दर महिन्याला वही दाखवायची, गोळ्या न्यायच्या. आणि खरंच, देवाची दया, दुसऱ्या महिन्यात तेफो झोपू लागला. पहार दाराआड उभी राहिली. एकदा मी शिंकले तर म्हणाला, "म्मे, छत पडेल!" आणि स्वतःच हसला.

पण गोळी माणसाला झोपवते आणि उठवते. उठून कुठे जायचं, ते गोळीत नसतं. सकाळी तोंड धुऊन तो दारात यायचा, उजवीकडे बघायचा, डावीकडे बघायचा, आणि परत आत जायचा. ते बघून मला रडू यायचं. तुला सांगते, तो माणूस खाणीने मोडला नव्हता. त्या दारात उभं राहण्याने मोडत होता.

ऑगस्टात, हाच धुळीचा वारा सुटला असताना, प्रमुखाच्या अंगणात गावसभा भरली. खालच्या घळीत दगडी बांध घालायचं काम सरकारने काढलं होतं. दर पावसाळ्यात ती घळ आपलं एकेक शेत गिळते, ते बंद करायचं. यादी करणार प्रमुखाचा कारकून, लेबाजोआ. तू ओळखतोस त्याला. गुडघ्यापर्यंत धूळ असली तरी त्याचे बूट चमकतात. नवं घोंगडं, खांद्यावर तळहाताएवढी पिन.

"दगड उचलायचे आहेत," तो म्हणाला. "मागच्या खेपेला एक बाई चक्कर येऊन पडली आणि वरून मला पत्र आलं. यंदा प्रत्येकाची बुकाना बघणार. आजारी माणूस नको."

मालिनेओने तेफोला घासून-पुसून आणला होता. त्याने दोन्ही हातांनी वही पुढे केली. लेबाजोआने ती उघडली, आणि मनातल्या मनात वाचायची सोडून मोठ्याने वाचली. दोनशे माणसांसमोर. आजाराचं नाव, गोळीचं नाव, दिवसातून किती. मग म्हणाला, "अरे, खाण बंद झाली म्हणतात, ह्याच्या डोक्यात अजून दोन पाळ्या चालू आहेत!"

लोक हसले. मीही जवळजवळ... नाही, मी नाही हसले. पण माझ्या शेजारची हसली आणि मी तिला काही बोलले नाही.

"आता ते बरे आहेत," मालिनेओ म्हणाली. "गोळ्यांनी बरे आहेत."

"बरा आहे तर गोळ्या कशाला? आणि गोळ्या आहेत तर बरा कसा? जा, नर्सबाईंकडून लिहून आण की बरा झाला. मी नाव घालतो. माझं काय जातंय?"

परत चार तास. मीही गेले बरोबर, मालिनेओ एकटी नको म्हणून. नर्सबाई वाईट नव्हती. सकाळपासून उभी होती, पायांना सूज होती. ती म्हणाली, "बाई, मी 'बरा झाला' लिहिलं की गोळ्या बंद. मला त्या वहीवरच्या लिखाणावर मिळतात."

"मग 'बरा होतोय' लिहा."

"तसा रकाना नाही."

ऐकलंस? माणसाला जगायला दोन गोष्टी हव्या होत्या, काम आणि गोळी. कामासाठी त्याने शहाणं असायला हवं, गोळीसाठी वेडं. आणि ज्यांनी हे ठरवलं त्यांच्यापैकी एकालाही कधी त्या दारात सकाळी उभं राहावं लागलं नाही. देव मला क्षमा करो, त्या दिवशी मी त्या दवाखान्याच्या ओट्यावर बसून शिव्या दिल्या. तोंडाने दिल्या, मनात नाही.

आणि तिथेच मला युक्ती सुचली. मलाच. खिडकीवर कोऱ्या बुकाना विकत मिळतात. मी मालिनेओला म्हटलं, "अगं, दुसरी वही घे. वजन करणाऱ्या बाईला तेवढं वजन आणि दाब लिहायला सांग. एका वहीत तो शहाणा, एका वहीत वेडा. आपल्याला दोन्ही पाहिजेत ना?"

मालिनेओने माझ्याकडे बघितलं. "म्मे, हे खोटं नाही का?"

"खोटं काय त्यात? वजन खोटं आहे का त्याचं?"

दोन दिवसांनी ती तेफोला घेऊन पुन्हा जाऊन आली आणि नवी वही झाली. दोन्ही एकाच रंगाच्या, म्हणून ओळखायला मी जुन्या वहीच्या पाठीत लाल दोरा ओवला, गुरुवारच्या प्रार्थनेला घालते त्या माझ्या लाल जाकिटाच्या शिवणीतला. दोरा असलेली वही माझ्या ट्रंकेत राहील असं ठरलं. लेबाजोआ मालिनेओच्या घरी डोकावेल, माझ्याकडे नाही. मी देवळातली म्हातारी.

जुनी वही बंद झाली, असं मालिनेओने सांगितलं, लेबाजोआने नवीत आजार नाही एवढं बघून ती ठेवून घेतली, आणि तेफोचं नाव यादीत लागलं.

तुला ते दिवस कसे सांगू? घळीच्या तोंडाशी सकाळी दहिवर असायचं, दगड हाताला चावायचे. बायका डोक्यावरून दगड आणायच्या, पुरुष रचायचे. पहिल्या दिवशी कोणी तेफोच्या शेजारी उभं राहीना. तो एकटाच एका टोकाला लागला. प्रत्येक दगड पहारेने ठोकायचा, कान द्यायचा, काही बाजूला टाकायचा, काही घ्यायचा. दुपारी कोणीतरी ओरडलं, "आता दगडांनाही वेड लावतो काय हा!" तेफो म्हणाला, "हा घे. टाक खाली." त्या माणसाने टाकला. दगडाची दोन शकलं झाली. आतून कुजलेला होता.

चौथ्या दिवशी लोक आपले दगड घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. "न्ताते तेफो, हा चालेल?" "पायाला नको, वर घाल." त्याच्या तळहातांवर पुन्हा घट्टे धरले. संध्याकाळी मला येऊन दाखवायचा, लेकराने नवा दात दाखवावा तसा. मालिनेओच्या चुलीवर मक्याच्या पिठाचा पापा पुन्हा घट्ट होऊ लागला. मधे ती पाणीच जास्त घालत होती. महिन्याच्या महिन्याला ती माझ्याकडून लाल दोऱ्याची वही न्यायची, गोळ्या आणायची, वही परत माझ्या ट्रंकेत. असे दोन महिने. मला वाटलं, आपण त्या यादीवाल्यांना हरवलं.

आता माझी चूक सांगते.

तुला माहीत आहे, आपले पाद्री मोतेबांग बोलत नाहीत, गातात. ते बाहेरगावी असले तर मी तीन गावं ओलांडून त्यांचं प्रवचन ऐकायला जाते, पाऊस असो, थंडी असो. एकेक ओळ ते अशी वर नेतात की माणसाला आपलं शरीर जड वाटेनासं होतं. आणि रविवारी पुढच्या पांढऱ्या कापडावर आपण आजाऱ्यांच्या बुकाना ठेवतो ना, ते एकेक उचलतात, नाव गातात, दुखणं गातात, आणि आपण सगळे उत्तर देतो.

त्या रविवारी ते म्हणत होते, "खड्ड्यात कोण होतं, ज्याला त्याने वर काढलं? त्याचं नाव सांगा! कृपा लपवू नका, तिला उजेडात आणा!" ढोल वाजत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मला फक्त तेफो दिसत होता, हातावरचे घट्टे दाखवणारा. लाल दोऱ्याची वही माझ्या पिशवीतच होती. सोमवारी मालिनेओ गोळ्यांना जाणार होती, तिला देण्यासाठी घेतलेली. मी उठले. नाचत पुढे गेले आणि ती कापडावर ठेवली. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला लेबाजोआ नावाचा माणूस जगात आहे हेच आठवत नव्हतं.

पाद्रींनी वही उचलली, उघडली, आणि गायले.

"तेफो, आमचा भाऊ तेफो, ज्याचं मन अंधारात होतं..."

"वर आला!" सगळं देऊळ म्हणालं.

"ज्याला गोळी देऊन वैद्याने..."

"वर आला!"

"जो आज घळीत दगड रचतो..."

"वर आला!"

इतकं सुंदर ते कधीच गायले नव्हते. आणि मी वळले, तर दुसऱ्या बाकावर लेबाजोआ. तोही टाळ्या वाजवत होता. शांतपणे. प्रवचन संपल्यावर पुढे गेला, कापडावरची ती वही उचलली, खिशात घातली आणि मला वाकून नमस्कार केला.

सोमवारी घळीत काम थांबवलं. सगळ्यांना गोल उभं केलं. लेबाजोआने तेफोला मधे बोलावलं आणि त्याच्या एका हातात एक वही दिली, दुसऱ्या हातात दुसरी.

"सांग, ह्यातला तू कोणता?"

तेफोने दोन्हींकडे बघितलं. म्हणाला, "दोन्ही मीच."

"सरकारने एकाच माणसाला कामावर घेतलंय. दोन नाही परवडत." आणि यादी काढून नावावर रेघ मारली. दोन्ही वह्या काढून घेतल्या, पुरावा म्हणून. ज्यांनी रोज 'न्ताते तेफो, हा चालेल?' विचारलं होतं ते सगळे पायाखालच्या दगडांकडे बघत राहिले. तेफोने पहार खांद्यावर घेतली आणि तो चढ चढून आला. माझ्या दारावरून गेला. थांबला नाही.

मालिनेओ माझ्याकडे आली. मला वाटलं ओरडेल. नुसती उंबऱ्यावर बसली. "म्मे, तुम्हाला गाणं आवडतं, मला माहीत आहे," एवढंच म्हणाली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

गोळ्या आठ दिवसांच्या उरल्या होत्या. नर्सबाई म्हणाली, वही आणा. वही त्यांनी नेली, म्हटलं. मग नव्या वहीत डॉक्टरने लिहायला हवं, आणि डॉक्टर नोव्हेंबराच्या शेवटी. ऑक्टोबर नुकता लागला होता. मालिनेओ चार वेळा लेबाजोआच्या दारात गेली. तो जेवत असायचा. "पुरावा आहे, बाई. वर पाठवायचा आहे." पाठवला नव्हता. कपाटात होता. त्याच्या बायकोने मला पुढे सांगितलं.

गोळ्या संपल्या. तेफो पुन्हा भिंतीशी बसला, पुन्हा घट्टे सोलू लागला. मग एके सकाळी उठून घळीत गेला आणि आपण रचलेला बांध ठोकू लागला. एक टोक ते दुसरं टोक. बांध शाबूत होता रे. मी वर उभी होते, मला इथवर ऐकू येत होतं, टण, टण, टण. पण त्याला बद्द ऐकू येत होतं. त्याला सगळंच पोकळ ऐकू येत होतं. "पळा!" तो ओरडला. "बायका खाली आहेत, पळा!" आणि दगड उपसायला लागला. चौघांनी त्याला धरलं आणि बांध मोजायच्या दोरीने त्याचे हात बांधले. त्याने दगड ओळखायला शिकवलेल्या चौघांनी. तो त्यांना सांगत होता, "मला सोडू नका हवं तर, पण तुम्ही तरी बाहेर पडा."

मालिनेओने घरी नेऊन दोरी सोडली. मनगटांना तिने चरबी लावली.

तिसऱ्या सकाळी तो नव्हता. बूट नव्हते, पहार नव्हती. पाऊलखुणा खिंडीपर्यंत होत्या, पुढे खडक. पोलीस ठाण्यावरचे म्हणाले, "मोठा माणूस आहे, येईल."

त्या रविवारी मी देवळात गेले. पाद्री गात होते आणि पहिल्यांदाच मला ऐकवेना. मी उठले. बायकांनी जागा दिली, म्हातारी नाचणार असं वाटलं. मी पुढे गेले आणि गायले. माझा आवाज फाटका आहे, तुला माहीत आहे. मी गायले, "तेफो, आमचा भाऊ तेफो, ज्याची वही एका कपाटात आहे..."

कोणी उत्तर दिलं नाही. ढोल थांबला.

"ज्याची गोळी एका खिशात आहे... जो खिसा ह्या देवळात बसला आहे..."

पाद्रींकडे बघितलं, ते जमिनीकडे बघत होते. देवा, मी म्हटलं, आज तरी. आणि मागून, बायकांच्या बाकांवरून, मालिनेओचा आवाज आला. "परत दे!" नुसतं एवढंच. मी पुढची ओळ म्हटली. "परत दे!" आता तिच्या शेजारच्या दोघी. मग रांगच. मग ढोलवाला. तिसऱ्या-चौथ्या ओळीला ते चार पुरुषही म्हणत होते, ज्यांनी हात बांधले होते, आणि रडत होते, आणि मला त्यांची कीव आली नाही. लेबाजोआ आपल्या बुटांकडे बघत बसला. त्याला कोणी हात लावला नाही. तो बाहेर गेला तेव्हा वाटेतून कोणी पाय मात्र काढले नाहीत.

सोमवारी सकाळी वही माझ्या उंबऱ्यावर होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. दोरा काढून टाकलेला. मी दुसरा ओवला, त्याच जाकिटातला.

वही आली. माणूस नाही आला. त्याला दहा महिने झाले. घळीच्या कामावर आता मालिनेओ जाते, दगड वाहते. यादी लेबाजोआच करतो. वरून साहेब आले तेव्हा तेफोच्या बांधासमोर उभं राहून त्यानेच फोटो काढून घेतला. पाद्री अजून गातात. मी अजून जाते. देवावर माझा राग नाही. पण प्रवचन चालू असताना माझा हात पिशवीवर असतो आता, घट्ट.

तर ऐक. तू सरहद्दीच्या फाटकावर उतरशील, मग पुढे ट्रकांचे तळ, बंद खाणींची गावं. कुठे एखादा उंच माणूस रबरी बूट घालून पहारेने भिंती ठोकताना दिसला, तर हसू नकोस आणि पोरांना दगड मारू देऊ नकोस. जवळ जा. त्याला न्ताते म्हण. वही मातुमेलोच्या ट्रंकेत आहे म्हणून सांग, गोळ्या मिळतात, मालिनेओ दार लावत नाही. तो म्हणेल, पोकळ आहे. त्याच्याशी वाद घालू नकोस. एवढंच सांग की घळीतला त्याचा बांध म्हातारी रोज सकाळी दगडाने ठोकून बघते, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तो टण वाजतो.

आणि नाही दिसला, तरी नाव विसरू नकोस. तेफो. म्हण एकदा माझ्यासमोर.